सेवाग्रामला मुक्कामी येताय? निघण्याआधी हे वाचून घ्या

सेवाग्रामजवळ शेतात आमचं घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. फोनवर सगळे जवळजवळ तेच विचारतात: कोणत्या स्टेशनवर उतरू, एका दिवसात होईल का, जेवण फार तिखट असतं का. सगळ्यांना एकेकट्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात आधी वेळेचं बोलू, कारण फजिती तिथेच होते. लोक सकाळी आरामात नागपूरहून निघतात, अकरा-साडेअकराला गांधीजींच्या आश्रमात पोचतात, डोक्यावर ऊन घेऊन तासभर फिरतात, पवनारच्या विनोबांच्या आश्रमाला पुलावरूनच नमस्कार करतात आणि संध्याकाळी परत नागपूर. मग म्हणतात, "तसं काही विशेष नव्हतं." नसणारच. इथला दिवस सकाळी दहापर्यंत असतो आणि पुन्हा पाचनंतर सुरू होतो. मधली दुपार सावलीची, झोपेची, ताकाची. एक रात्र मुक्काम ठेवला तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ हाती लागते. दोन रात्री असतील तर फारच छान.

१. ऋतू बघून तारीख ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून या. कापूस वेचणी चालू असते, तुरीला शेंगा लागलेल्या असतात, जानेवारीत हुरडा मिळतो. दिवसा ऊन हवंहवंसं वाटतं, पण रात्री शेतावर चांगली थंडी पडते. मुंबईचे पाहुणे "विदर्भ म्हणजे गरम" असं धरून नुसत्या टी-शर्टवर येतात आणि माझ्या शाली घेऊन बसतात. स्वेटर आणा.

मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काम असेल तरच या. पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, की रात्री दहालाही भिंती तापलेल्याच असतात. आमच्याकडे कुलर आहे, एसी नाही. लहान मूल किंवा वयस्क माणूस सोबत असेल तर मी स्वतःच येऊ नका म्हणते.

पावसाळा दिसायला सुंदर, पण ही काळी कपाशीची जमीन. एक सर पडली, की चपलेला शेर-शेर माती चिकटते आणि गाडीचं चाक रुतलं तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पावसाळ्यात आलात तर गाडी डांबरी रस्त्यावरच लावायची आणि शेवटचा तुकडा पायी यायचं. फोर-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहे म्हणून कुणी धाडस करू नये, काळ्या मातीला त्याने फरक पडत नाही.

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला आश्रमात गर्दी असते. १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीच्या काठी सर्वोदय मेळा भरतो. १९४८ साली त्याच दिवशी गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या होत्या. या दिवसांत यायचं असेल तर खोली खूप आधी सांगा.

२. कोणत्या स्टेशनवर उतरायचं

इथे दोन स्टेशनं आहेत आणि त्यांचा घोळ दर हंगामात होतो. मुंबई-हावडा मार्गावरचं वर्धा जंक्शन, आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात ते सेवाग्राम जंक्शन, जे पूर्वी वर्धा पूर्व होतं. दिल्ली-चेन्नईवाल्या गाड्या वर्ध्याला न शिवता सेवाग्रामवरूनच बल्लारशाकडे वळतात. तिकीट काढताना "वर्धा" टाकून गाडी दिसली नाही, तर "सेवाग्राम" टाकून पुन्हा बघा.

सापळा पुढे आहे. सेवाग्राम स्टेशनच्या बाहेर आश्रम नाही! स्टेशन वर्धा शहराला लागून आहे आणि आश्रम तिथून पाच-सहा किलोमीटर लांब. नावावर विसंबून "चालत जाऊ" म्हणत निघालेली माणसं मी पाहिली आहेत, तीही बॅगा ओढत. दोन्ही स्टेशनांवरून ऑटो मिळतो. बसण्याआधी "सीटवर की स्पेशल?" हे ठरवा. सीटवर म्हणजे बाकीच्या सवारी भरेपर्यंत थांबायचं आणि माणशी पैसे द्यायचे. स्पेशल म्हणजे ऑटो तुमचा. भाव आधी बोलून घ्या आणि "आश्रम" किंवा "मेडिकल कॉलेज" म्हणून सांगा. नुसतं "सेवाग्राम" म्हटलं, की भलतीकडे सोडतील.

नागपूरहून गाडीने येणाऱ्यांना मी बुटीबोरीवरून येणारा जुना रस्ताच सांगते. साधारण पाऊणशे किलोमीटर. वाटेत केळझरचा गणपती लागतो, पुढे सेलू, मग पवनार. समृद्धी महामार्गाने यायचं असेल तर येळाकेळीच्या इंटरचेंजला उतरायचं. लक्षात ठेवा, समृद्धीवर दुचाकी चालत नाही, आणि उतरण चुकलं तर मध्येच वळता येत नाही.

३. सोबत काय हवं

• प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, काहीही चालेल.
• परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा. त्यांची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते. ती मी करते, पण कागद आल्या आल्या द्या, झोपून उठल्यावर नको.
• दुपट्टा किंवा मोठा सुती रुमाल. उन्हात डोकं आणि कान बांधल्याशिवाय इथे कुणी बाहेर पडत नाही. टोपीने कान झाकत नाहीत.
• टॉर्च. मोबाइलचा नव्हे, हातातला. रात्री अंगणातून बाथरूमकडे जातानाही पायाखाली उजेड हवा.
• बंद बूट आणि जाड मोजे. मोज्यांचं कारण पुढे येईलच.
• ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम, पाण्याची बाटली.
• दहा-वीस-पन्नासच्या नोटा. यूपीआय सगळीकडे आहे, रेंज सगळीकडे नाही.

आणि एक गोष्ट आणायची नाही: दारू. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. "आम्ही खोलीत गुपचूप घेऊ" हे नागपूरच्या पाहुण्यांचं लाडकं वाक्य. गाडीत बाटली सापडली तर गुन्हा तुमच्यावर आणि खोलीत सापडली तर त्रास मला. त्यामुळे या बाबतीत मी गोड बोलत नाही.

४. पहिली संध्याकाळ आश्रमातच

शक्यतो दुपारी चारपर्यंत पोचा, हात-पाय धुवा, चहा घ्या आणि थेट आश्रमात जा. वस्तू बघायला सकाळ आहेच, संध्याकाळी जायचं ते प्रार्थनेसाठी. उघड्या मैदानावर झाडाखाली सर्वधर्म प्रार्थना होते. वेळ फाटकावर विचारून घ्या. खाली बसायचं असतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधीच सांगा, काही ना काही सोय होते. फोन बंद ठेवा, चित्रीकरण नको. मुलं कंटाळतील ही भीती बहुतेक आईबापांना असते. माझा अनुभव उलटा आहे, चुळबुळ मोठेच करतात.

प्रार्थना संपल्यावर लगेच उठू नका, पाच मिनिटं बसा. त्या वेळी पोपटांचे थवे झाडांवर परततात आणि चांगलाच कल्ला करतात.

५. दुसऱ्या सकाळी कुटी

सहा-साडेसहाला चहा पिऊन निघालात आणि आश्रम उघडताच पोचलात, तर सहलींच्या बसेस यायच्या आत शांतपणे बघून होतं.

बघायचा क्रम असा ठेवा. आधी आदिनिवास. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी इथे आले, तेव्हा हे शेगाव नावाचं आडवळणाचं खेडं होतं. संत गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा गोंधळ व्हायचा म्हणून १९४० साली नाव सेवाग्राम केलं. (पत्ता चुकण्याची इथली परंपरा जुनी आहे, स्टेशनांना दोष देऊ नये.) आदिनिवासात सुरुवातीला सगळेच एकत्र राहत, म्हणून नंतर शेजारी बा कुटी झाली. कस्तुरबांना त्या गर्दीत जरा आडोसा हवा होता.

मग बापू कुटी. ही मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची. भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा त्यांच्याच हातचा. आत बसायची बैठक, छोटं डेस्क, चष्मा, चरखा असं सगळं आहे, पण माझा सल्ला असा, की वस्तूंच्या आधी छत बघा. लाकूड, बांबू, माती, कवेलू (म्हणजे कौलं). हवा खेळती राहते आणि मे महिन्यातही बाहेरच्या मानाने आत सुसह्य असतं. आमच्या आजे-सासऱ्यांचं घर असंच होतं. सिमेंटचं स्लॅब टाकलं तेव्हापासून आम्ही कुलरचं बिल भरतो.

शेजारच्या कार्यालयात दोन वस्तू चुकवू नका. एक टेलिफोन, जो व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या वेळी सरकारने बसवून दिला. दुसरा साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा, अशी रीत होती. परचुरे कुटीपाशीही थांबा. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झालेला, आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. त्या काळात कुष्ठरोग्याला लोक गावाबाहेर घालवत. शेवटी आखरी निवास. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी इथून निघाले ते परत आलेच नाहीत.

कुटीत चप्पल बाहेर, आवाज खाली, आणि फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं. दहाच्या आसपास बाहेर पडा.

६. पवनार: दुसऱ्या संध्याकाळी

वर्ध्याहून नागपूर रस्त्याने आठ-दहा किलोमीटर. धाम नदीच्या काठावर टेकाडावर विनोबांचा आश्रम. १९३८ साली ते प्रकृती सुधारण्यासाठी इथे आले, आणि १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून बाहेर पडले तेही इथूनच. १९५९ साली स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. अजूनही तिथे बहिणी राहतात, शेती करतात, सूत काततात. म्हणजे तुम्ही कुणाच्या घरी जाताय. खोल्यांमध्ये डोकावत फिरायचं नाही. दुपारी त्यांची विश्रांती असते, त्या वेळी दार वाजवू नका.

शेत खणताना सापडलेल्या जुन्या मूर्ती आश्रमात जपल्या आहेत. त्यातली भरत-राम भेटीची शिळा बघण्यासारखी. पवनार म्हणजेच वाकाटकांचं प्रवरपूर, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. काही अभ्यासक मनसरकडे बोट दाखवतात. पवनारच्या माणसाशी या विषयावर वाद घालू नये, एवढंच सांगते.

आता नदीचं. काठावरून धाम फार शांत दिसते, मोठे काळे खडक, मधून पाणी. तरुण मुलं खडकांवर सेल्फीसाठी उतरतात. खडकांवर शेवाळ असतं, मध्येच खोल डोह आहेत, आणि पावसाळ्यात वर धरणातून पाणी सोडलं तर पात्र पाहता पाहता भरतं. काठावर बसा, पाय भिजवा, आत जाऊ नका. पोहता येतं हे कारण मला सांगू नका.

७. वर्धा शहर, अर्धा दिवस

गोपुरीतलं गीताई मंदिर आणि शेजारचा पांढरा विश्वशांती स्तूप एकत्रच होतात. गीताई मंदिराला छप्पर नाही. उभ्या दगडी शिळांवर विनोबांच्या गीताईचे, म्हणजे गीतेच्या मराठी अनुवादाचे, अठराही अध्याय कोरलेले आहेत आणि आपण त्यांच्यामधून चालत वाचायचं. १९८० साली विनोबांच्याच हस्ते ते खुलं झालं. अनवाणी जायचं असतं आणि फरशी दुपारी तव्यासारखी तापते. म्हणून मोजे. त्याहून बरं म्हणजे सकाळी आठलाच जा.

मगनवाडीतलं मगन संग्रहालय मात्र दुपारी बघितलं तरी चालतं, कारण ते आतलं काम. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. नाना तऱ्हेचे चरखे, ग्रामोद्योगाची अवजारं. याच आवारातून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघ चालवला. खादी घ्यायची असेल तर इथे घ्या, नैसर्गिक रंगांची मिळते. पहिल्या धुण्यात रंग थोडा जातो, तेव्हा वेगळी धुवा.

लक्ष्मीनारायण मंदिर शहराच्या मध्यात आहे. जमनालाल बजाजांनी १९२८ साली ते दलितांसाठी खुलं केलं, त्या काळी मोठं धाडस होतं. दर्शनाला दहा मिनिटं पुरतात.

८. खायचं काय

सकाळी तर्री-पोहे. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वरून कांदा आणि लिंबू. गाडीवाला विचारेल, "तर्री किती?" पहिल्या दिवशी "थोडी" म्हणा. पुणेरी पोह्यांची अपेक्षा ठेवू नका, ते वेगळं प्रकरण.

आमच्याकडचं जेवण ऋतूप्रमाणे बदलतं. हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, आणि कधी शेतात गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे. रोडग्यांसाठी किमान अर्धा दिवस आधी सांगा. "काकू, आज रात्री रोडगे होतील का?" असं संध्याकाळी सातला विचारलं तर उत्तर नाहीच असेल. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, सांबारवडी (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर) मात्र बाराही महिने. उन्हाळ्यात मठ्ठा, कैरीचं पन्हं, आणि आमरसासोबत सरगुंडे, म्हणजे कणकेच्या हातशेवया.

तिखटाबद्दल: आमच्या हाताला ते कमी करता येतं, पण अगदी नाहीसं करता येत नाही. लहान मुलांसाठी वरण-भात-तूप वेगळं काढते, आल्याबरोबर सांगा.

वर्ध्याला येऊन गोरसपाक न खाता जाऊ नका. गाईच्या तुपातला हा खुसखुशीत बिस्किटासारखा प्रकार गोरस भांडारात मिळतो. प्रवासात टिकतो, पण बॅगेत तळाशी ठेवला तर घरी भुगा पोचतो.

९. शेतावर राहायचे नियम

अंधार पडल्यावर शेजारच्या शेतात फिरायला जाऊ नका. रानडुकरांसाठी लोक कुंपणाला विजेचा सौम्य झटका देणारं झटका मशीन लावतात, आणि काही जण नियम मोडून सरळ वीज सोडतात. तार अंधारात दिसत नाही. दिवसा फिरा, पण बांधावरून. उभ्या पिकातून नको. आणि कुणाची संत्री, शेंगा "एकच" म्हणून तोडू नका. मालकाला विचारलं तर तो ओंजळभर देतो. न विचारता तोडलं तर माझ्या घरी येऊन भांडतो.

साप दिसला तर मारू नका, पकडायला जाऊ नका, मला हाक मारा. नाग, मण्यार, घोणस तिन्ही या भागात आहेत. बूट घालण्याआधी झटका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, म्हणून जमिनीवर झोपायचा हट्ट नको, खाट आहे. चावलंच तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काही नाही. हालचाल कमी करून थेट सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. मेडिकल कॉलेजचं मोठं रुग्णालय आहे आणि आमच्या घरापासून जवळ. रुग्णवाहिकेसाठी १०८.

वीज मधूनच जाते. फोन दुपारीच चार्ज करून ठेवा.

१०. तिसरा दिवस हाताशी असेल तर

बोर व्याघ्र प्रकल्प. २०१४ साली दर्जा मिळाला तेव्हा देशातला सर्वांत छोटा व्याघ्र प्रकल्प. हिंगणीवरून बोरधरणला जायचं. सफारीचं आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं आणि ज्या ओळखपत्रावर केलं तेच मूळ ओळखपत्र फाटकावर लागतं. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि मोबाइलचा नियम आरक्षण करतानाच बघा. ताडोबासारखा वाघ हमखास दिसेल या आशेने येऊ नका. जंगल बघायला या, सागाचं आणि धरणाच्या काठाचं.

पोळ्याच्या सुमारास आलात तर दुसऱ्या दिवशीचा सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा गाठा. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, त्यातले काही बैल मुलांहून मोठे असतात.

हळद घ्यायची असेल तर समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची, भौगोलिक मानांकन मिळालेली. पण पुन्हा नावाचा घोळ: वर्ध्याजवळ वायगाव निपाणी म्हणून दुसरंच गाव आहे. नकाशात "वायगाव" टाकून निघालात तर तिथेच पोचाल. हळदीचं गाव ते वायगाव हळद्या. तेवढं लांब जायचं नसेल तर मला सांगा, मागवून ठेवते.

११. निघताना

परतीचं तिकीट शक्यतो सकाळच्या किंवा रात्रीच्या गाडीचं काढा, दुपारी एकची गाडी म्हणजे उन्हात फलाटावर उभं राहणं. तिकिटावर वर्धा आहे की सेवाग्राम, हे आदल्या रात्रीच मला वाचून दाखवा. त्याप्रमाणे ऑटोवाल्याला सांगून ठेवते. आणि गोरसपाक राहिला असेल तर स्टेशनला जाताना वाटेत थांबायला वीस मिनिटं जास्त धरा.